अठ्ठाविसावा आउट

(पडद्यावर: सामन्याचं स्कोअरकार्ड)

अमेरिकेतला बेसबॉलचा एक सामना. डेट्रॉइट टायगर्स 3, क्लीव्हलँड इंडियन्स 0. तारीख 2 जून 2010, मैदान डेट्रॉइटचं कोमेरिका पार्क. टायगर्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, अर्मांडो गलारागा. त्याच्या नावापुढचे आकडे बघा. नऊ इनिंग, 88 पिच म्हणजे टाकलेले चेंडू, तीन स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झालेले बॅटर. वॉक, म्हणजे चार वाइट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस, शून्य; रन शून्य. हिट्स, म्हणजे फटका मारून बॅटर बेसवर पोचला असे प्रसंग, एक.

त्या एका हिटची ही गोष्ट आहे.

एका संघाचे नऊ इनिंगमध्ये मिळून सत्तावीस आउट. पिचरने समोर आलेल्या सत्तावीसच्या सत्तावीस बॅटर्सना परत पाठवलं, एकालाही बेसवर, म्हणजे धावताना गाठायच्या ठिकाणांपैकी एकावरही, पोचू दिलं नाही, तर तो परफेक्ट गेम. पहिला नोंदला गेला 1880 साली. तेव्हापासून या सामन्याच्या दिवसापर्यंत असे सामने झाले होते फक्त वीस.

गलारागा व्हेनेझुएलाचा, वय 28. मोसमाच्या सुरुवातीला तो मुख्य संघात नव्हताच, टोलेडोला खालच्या श्रेणीत खेळत होता. मेच्या मध्यावर त्याला वर बोलावलं होतं. अशा पिचरकडून कोणी इतिहासाची अपेक्षा करत नाही. 17,738 लोक आले होते, तेही एक साधा सामना बघायला.

टायगर्सच्या रन्सचं थोडक्यात सांगतो. दुसऱ्या इनिंगमध्ये मिगेल काब्रेराचा होमरन, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर, आठव्यात आणखी दोन रन. तोवर क्लीव्हलँडचे चोवीस आले आणि चोवीस गेले.

नववी इनिंग. पहिलाच चेंडू खोल उडाला. ऑस्टिन जॅक्सन मैदानाकडे पाठ करून धावत सुटला, धावता धावताच खांद्यावरून येणारा चेंडू त्याने ग्लोव्हमध्ये घेतला. हा झेल मी कितीतरी वेळा पाहिलाय, तरी दर वेळी श्वास रोखला जातो. पुढचा बॅटरही आउट झाला. सव्वीस आउट झाले. राहिला एक.

(पडद्यावर: फर्स्ट बेस, संथ गतीत)

बॅटर जेसन डोनाल्ड. चेंडू जमिनीवरून उजवीकडे आला. काब्रेराने धावत जाऊन तो उचलला आणि फेकला. गलारागा स्वतः पळत फर्स्ट बेसवर पोचला होता. आता चित्र इथे थांबवू. गलारागाचा पाय बेसवर आहे, चेंडू ग्लोव्हमध्ये आहे आणि डोनाल्ड अजून पाऊलभर मागे आहे. म्हणजे आउट.

अंपायर जिम जॉयस यांनी दोन्ही हात फैलावले. सेफ, म्हणजे नाबाद.

डोनाल्डनेच डोक्याला हात लावला. टायगर्सचे खेळाडू अंपायरकडे धावले, प्रेक्षक ओरडू लागले. आणि गलारागा? तो हसला. चिडून नाही, छद्मीही नाही. क्षणभर जॉयस यांच्याकडे बघून हसला, चेंडू घेऊन परत जागेवर गेला आणि पुढच्या बॅटरला आउट केलं. अठ्ठाविसावा आउट. सामना संपायला लागले एक तास 44 मिनिटं.

जॉयस तेव्हा 54 वर्षांचे होते, वीसहून अधिक वर्षांचा अनुभव, खेळाडूंमध्ये मान असलेले अंपायर. आत जाऊन त्यांनी रिप्ले पाहिला. मग पत्रकारांसमोर सरळ सांगितलं, ‘त्या पोराचा परफेक्ट गेम मी घालवला.’ माझं चुकलं, हे त्यांनी गलारागाला भेटूनही सांगितलं. गलारागाने त्यांना मिठी मारली. पत्रकारांना तो एवढंच म्हणाला, ‘परफेक्ट कोणीच नसतं.’

त्या काळी रिप्ले फक्त होमरनच्या निर्णयांसाठी वापरता येत होता. बेसवरच्या निर्णयांसाठी तो आला 2014 मध्ये. लीगचे प्रमुख, कमिशनर बड सेलिग यांनीही निकाल बदलायला नकार दिला. मला तो नकार पटलेला नाही. पुढच्या बॅटरचा आउट वगळला असता तर सामन्यात दुसरं काहीच बदलावं लागत नव्हतं. पण स्कोअरकार्डवर हिट्सच्या रकान्यात एक आहे, तो आजही तसाच आहे. परफेक्ट गेमच्या यादीत आता चोवीस सामने आहेत. त्यांत हा नाही.

(पडद्यावर: 3 जून, दुपार, तेच मैदान)

दुसऱ्याच दिवशी याच दोन संघांचा सामना होता आणि होम प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, उभं राहायची पाळी जॉयस यांचीच होती. सामन्याआधी संघाची यादी अंपायरच्या हातात द्यावी लागते. टायगर्सचे मॅनेजर जिम लीलंड यांनी त्या दिवशी ती यादी गलारागाकडे दिली. तो ती घेऊन चालत आला. जॉयस यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते पुसले, कागद घेतला आणि गलारागाच्या खांद्यावर हलकी थाप मारली.