इन्सुलिन भरायच्या आधी डबा बघा

मागच्या बाकावरच्या पोरींनो, पुढं या जरा, पंख्याच्या आवाजात मागं ऐकू येत नाही. इंजेक्शन कसं टोचायचं ते आज सांगत नाही, ते तुम्हाला येतंय. बोलायचंय ते टोचायच्या आधीचं.

आपल्याकडं पेशंटचा डबा गावाकडून एसटीनं येतो अन् इन्सुलिनची ऑर्डर मात्र घड्याळावर असते, इथंच सगळा घोळ. साधं रेग्युलर इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यायचं, रॅपिड, म्हणजे झटपट काम करणारं असेल तर ताट समोर आल्यावरच. एसटी उशिरा आली अन् तुम्ही साडेबाराला देऊन मोकळ्या झालात, तर दीडला शुगर पडून पेशंट घामाघूम, हात थरथरायलेत, काहीबाही बडबडायलाय. म्हणून आधी शुगर बघा अन् मग विचारा, "मामा, डबा आला का?" आषाढी, नवरात्र, रोजे असले की आणखी खोदून विचारा, कारण सिस्टर रागावतील म्हणून लोक उपवास लपवतात. उपवास निघाला तर नेहमीचा डोस देऊन टाकायचा नाही अन् आपल्या मनानं बंद पण करायचा नाही, डॉक्टरला फोन लावायचा. टाइप वनवाल्याचं, म्हणजे ज्याच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्याचं, तर बिलकुल थांबवायचं नाही, रक्तात किटोन नावाचं आम्ल वाढून तो आयसीयूत जातो.

आता सिरिंज. आपल्या वायलमध्ये, म्हणजे इन्सुलिनच्या बाटलीत, बहुतेक ४० युनिट प्रति एमएल असतं, त्याला लाल टोपीची सिरिंज. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १००, नारिंगी टोपी १०० ची. ४० च्या वायलमधून नारिंगी सिरिंजनं २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला जातात फक्त ८ युनिट, अन् उलटं केलं, म्हणजे १०० वालं लाल सिरिंजमध्ये २० पर्यंत भरलं, तर थेट ५०! म्हणून वायलवरचा आकडा मोठ्यानं वाचा, दुसऱ्या सिस्टरला दाखवा, लाजू नका. चार्टवर नुसतं यू लिहू नका, घाईत तो शून्य दिसतो अन् ४ चे ४० होतात. युनिट असं पूर्ण लिहा.

शुगर ७० च्या खाली गेली अन् पेशंट शुद्धीत असला तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायची. बेशुद्ध असला तर तोंडात काहीच घालायचं नाही, नातेवाईक पेढा कोंबायलेत तर हात धरा त्यांचा, सरळ शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी.

जागा रोज बदला, एकाच ठिकाणी टोचून गाठ झाली की तिथलं इन्सुलिन नीट शोषलं जात नाही.

अन् डिस्चार्जच्या दिवशी विचारा, घरी फ्रिज आहे का? आपला मे महिना माहितीय ना, बेचाळीसच्या पुढं पारा. फ्रिज नसेल तर वायल छोट्या बंद डब्यात घालून माठाच्या गारव्यात ठेवायला सांगा. फ्रिज असला तर दारात ठेवा म्हणावं, बर्फाच्या कप्प्यात नाही, गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी फेकूनच द्यायचं. उघडलेली बाटली साधारण २८ दिवस, तारीख चिकटपट्टीवर तुम्हीच लिहून द्या.