मुलीच्या दाव्यातील वडिलांचे नाव

श्रोतेहो, नमस्कार. घरातील मुलगी अन्यायाविषयी बोलू लागली की वडीलधारी मंडळी म्हणतात, आधी अभ्यास कर. आज ज्या मुलीची हकीकत मी सांगणार आहे, तिला ही जाग अभ्यासातूनच आली.

क्लॉडेट कॉल्व्हिन ही अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात राहणारी कृष्णवर्णीय मुलगी. वय वर्षे 15. फेब्रुवारी 1955 मध्ये तिच्या शाळेत हॅरिएट टबमन आणि सोजर्नर ट्रुथ या गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या स्त्रियांचा इतिहास शिकवला जात होता. सनावळ्या घोकून घेणाऱ्या आपल्या शाळांनी अशा शिकवणीचा हेवा करावा, असे माझे ठाम मत आहे.

2 मार्च रोजी शाळेतून परतताना बसचालकाने तिला गोऱ्या स्त्रीसाठी जागा सोडायला सांगितले. बरोबरच्या मुली उठल्या. क्लॉडेट उठली नाही. भाडे भरले आहे, बसणे हा माझा घटनादत्त हक्क आहे, असे ती सांगत राहिली. पोलिसांनी तिला ओढून खाली उतरवले, बेड्या घातल्या आणि प्रौढांच्या तुरुंगात कोंडले. पंधरा वर्षांची मुलगी, श्रोतेहो, प्रौढांच्या तुरुंगात! मनातल्या मनात स्तोत्रे म्हणत ती बसून राहिली. अखेर मेरी ॲन आणि चर्चचे धर्मगुरू यांनी तिला सोडवून घरी आणले. मेरी ॲन आणि क्यू. पी. कॉल्व्हिन हे तिच्या आजी-आजोबांच्या पिढीतले नातेवाईक, पण तिला वाढवले त्यांनी, म्हणून ती त्यांनाच आई-वडील म्हणे. गोऱ्यांचा जमाव येईल, घर पेटवील, ही भीती खरी होती. त्या रात्री शेजाऱ्यांनी वस्तीवर पहारा ठेवला आणि वडील भरलेली बंदूक घेऊन पहाटेपर्यंत जागे राहिले. मुलगी बसमध्ये जागेवरून उठली नाही, म्हणून वडिलांना रात्रभर पाठ टेकता आली नाही.

आपल्याकडे बरोबर शंभर वर्षे आधी, 1855 साली, फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखावरील निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. अशा मुलींचे कौतुक करताना त्यांच्या पाठीशी राहिलेल्या घरांचा आपण उल्लेखही करत नाही, याचे मला वाईट वाटते.

डिसेंबर 1955 मध्ये बसमधली जागा न सोडल्याबद्दलच रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय स्त्रीला अटक झाली आणि बसवर बहिष्कार सुरू झाला, तेव्हा मेरी ॲन यांनी क्लॉडेटला आपल्याविषयी गप्प राहायला सांगितले. भीती घरातून गेलेली नव्हती. तरीही फेब्रुवारी 1956 मध्ये बसमधील भेदभावाविरुद्ध दाखल झालेल्या दाव्यात चार वादी स्त्रियांपैकी एक क्लॉडेट होती. ती अल्पवयीन असल्यामुळे तिच्या वतीने वादमित्र म्हणून वडीलधाऱ्याचे नाव देणे आवश्यक होते. भीती असूनही ते दिले गेले: क्लॉडेट कॉल्व्हिन, तर्फे वादमित्र क्यू. पी. कॉल्व्हिन. बंदूक घेऊन जागणारे वडील आता न्यायालयाच्या कागदावर तिच्या शेजारी उभे होते, आणि 13 नोव्हेंबर 1956 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दाव्यातील निकाल कायम करून बसमधील भेदभाव घटनाबाह्य ठरवला.