दोन खांबांच्या मधला अंधार

नाशिक, गंगापूर रोड, डिसेंबर महिना, संध्याकाळचे पावणेसात. प्रॅक्टिकलची शेवटची बॅच आत्ता सुटलीय, लायब्ररी अजून चालू आहे आणि कॉलेजच्या गेटपर्यंतचा हा रस्ता बघा, काळाकुट्ट. पोरी मोबाईलचा टॉर्च लावून घोळक्याने चालल्यात. खांब आहेत, एलईडी पण नवीन आहेत, फक्त ते लागणार सव्वासातला, कारण टायमर उन्हाळ्यात सेट केला तो तसाच राहिलाय. जूनमध्ये नाशकात सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो, डिसेंबरात सहाच्या आसपास, म्हणजे सगळ्यात जास्त वर्दळीचा वेळ रोज अंधारात जातोय. मला हे बघवत नाही खरंच.

सव्वासात. लागले दिवे. आता आम्ही लक्स मीटर घेऊन चालतोय. लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर किती प्रकाश पडतो त्याचं माप, स्वच्छ पौर्णिमेला चांदणं साधारण पाव लक्स भरतं. खांबाखाली मीटर २५ च्या वर जातोय आणि दोन खांबांच्या बरोब्बर मध्ये, जिथे ही गुलमोहराची फांदी दिव्याच्या आड आलीय, तिथे अर्धा लक्स.

रस्त्यावरच्या दिव्यांसाठी आपल्याकडे आयएस १९४४ हे मानक आहे. कॉलेजच्या आतल्या रस्त्याला त्यातला जवळचा वर्ग म्हणजे बी-२, कमी रहदारीचा रस्ता, आणि त्याला सरासरी किती लागतात माहितीये, फक्त ४ लक्स. चारच! पण सोबत अजून एक अट आहे, सगळ्यात अंधाऱ्या जागी सरासरीच्या निदान ३० टक्के उजेड हवा, म्हणजे ४ ला १.२ लक्स. टेंडर काढताना सगळे किती वॉटचा दिवा एवढंच विचारतात, ही दुसरी अट कुणी विचारत नाही आणि माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे, कारण लख्ख उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्याला पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि हा काळा पट्टा आपण चालत काही सेकंदात पार करतो, तेवढ्यात समोर खड्डा आहे का माणूस उभाय काहीच कळत नाही.

आता पार्किंग. इथे गाड्यांवर लक्ष राहावं म्हणून फ्लडलाईट लावलाय, हेतू चांगलाच आहे, पण त्याचं तोंड सरळ येणाऱ्याच्या डोळ्यात. आमच्यातल्या एकाला त्याच्या पुढ्यात उभं केलं तर नुसती काळी आकृती दिसते, चेहरा नाहीच. उजेड वाढवला तर हे अजून वाईट होतं. फिटिंग असं पाहिजे की प्रकाश आडव्या रेषेच्या वर जाणारच नाही, त्याला फुल कटऑफ म्हणतात, आणि रंग ६५०० केल्विनचा निळसर पांढरा नको, ३०००चा उबदार पुरे, डोळ्यावर कमी येतो. आपल्या पावसासाठी फिटिंगवर आयपी ६५ लिहिलंय का, म्हणजे आत धूळ आणि पाणी शिरत नाही ना, ते बघून घ्यायचं, बाकी फार काही नाही. आणि हे हौसेचं काम नाहीये, यूजीसीच्या लैंगिक छळ प्रतिबंधाच्या २०१५ च्या नियमावलीतसुद्धा कॅम्पसवर पुरेसा प्रकाश हवा असं म्हटलंय.

वायरमन दादांना विनंती केली, त्यांनी शिडी लावली आणि फ्लडलाईट खाली वळवला, दहा मिनिटांचं काम. दिवा तोच, माणूस त्याच जागी उभा, आता त्याचा चष्मा पण दिसतोय. टायमर त्यांनी लगेच पावणेसहावर आणला, पुढे त्याच्या जागी फोटोसेल बसवायचा, म्हणजे अंधारलं की दिवे आपोआप लागतील, महिना कुठलाही असो.

फांदी छाटायला महापालिकेची परवानगी लागते, तो अर्ज तयार केलाय. तोपर्यंत गुलमोहराखाली मीटर अर्ध्यावरच आहे.