कानाला घड्याळ लावून

नमस्कार श्रोतेहो.

रेडिओवर घड्याळांच्या शौकाबद्दल बोला, असं सांगणं आलं तेव्हा मला आधी हसूच आलं. निळी तबकडी, चमकणारे काटे, यातलं मी तुम्हाला दाखवणार काय? मग वाटलं, बरंच झालं. भारी घड्याळांचा नाद लागलेली माणसं डोळ्यांनीच फसतात, मीही फसलोय. तेव्हा आजचा कारभार कानांचा.

थांबा, मनगट माइकजवळ नेतो.

आली ऐकू? बारीक आणि भरभर? हे एचएमटीचं 'जनता', माझ्या वडिलांचं, किल्लीचं. सेकंदाला पाच ठोके, म्हणजे तासाला 18,000 आणि दिवसाला 4,32,000. सेलवरच्या घड्याळाचा काटा सेकंदाला एकदा उडी मारतो आणि मधला वेळ गप्प असतो. किल्लीचं घड्याळ गप्प बसत नाही.

ही टिकटिक येते कुठून? किल्ली दिली की डबीतली पोलादी स्प्रिंग आवळली जाते. तिला मोकळं सोडलं तर सगळी चाकं भर्रकन फिरून खेळ तिथंच संपेल. म्हणून शेवटच्या चाकापुढे एक छोटा दुशाखी तुकडा पहाऱ्याला बसवलेला असतो. त्याच्या दोन्ही हातांत माणकाचे खडे. तो चाकाचा एक दात अडवतो, सोडतो, पुढचा अडवतो. दात खड्यावर आदळतो, तोच तुमच्या कानावर येणारा आवाज. माणकं कृत्रिम असतात, आणि स्वस्त. माझ्या आईला हे कोणी सांगितलं नव्हतं. वडिलांचं घड्याळ दुरुस्तीला दिलं की ती दुकानातल्या स्टुलावर ठाण मांडून बसायची, 'सतरा खडे आहेत, मोजून परत घ्यायचे' म्हणून. घड्याळजी बिचारा डोळ्याला भिंग लावून खाली मान घालून हसायचा.

त्या घड्याळजीची पहिली तपासणीही कानानंच व्हायची. घड्याळ कानाशी धरायचं, 'लंगडतंय' म्हणायचं आणि मगच झाकण उघडायचं. टिक आणि टक यांच्यातलं अंतर सारखं नसलं की घड्याळ खरंच लंगडतं. आज याला यंत्र आहे, पण यंत्रातही असतो एक माइकच. तो ठोके ऐकतो आणि दिवसाला किती सेकंद पुढे किंवा मागे, ते पडद्यावर मांडतो. स्वित्झर्लंडमध्ये क्रोनोमीटरचं, म्हणजे काटेकोर घड्याळाचं, प्रमाणपत्र मिळवायचं तर घड्याळाच्या आतल्या यंत्राला पंधरा दिवस वेगवेगळ्या स्थितींत आणि तापमानांत ठेवून तपासतात. सरासरीनं रोज चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, एवढीच सवलत. दिवसाच्या 86,400 सेकंदांत! तरीही साधं क्वार्ट्‌झ म्हणजे सेलवरचं घड्याळ याहून काटेकोर चालतं. जपानच्या सेको कंपनीनं 1969च्या नाताळात पहिलं क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस कारखान्यांतली हजारो माणसं घरी बसली. तेव्हा 'महाग घड्याळ वेळ अचूक दाखवतं' असं कोणी सांगितलं तर खुशाल मान डोलवा, विश्वास ठेवू नका.

माझी फसवणूक सांगायची राहिली. इंटरनेटवर जुनं एचएमटी दिसलं, तबकडी लालभडक, काटे झळझळीत. घेतलं. कानाला लावलं तर सुक्या कढईत चमचा फिरवल्यासारखा आवाज. उघडल्यावर कळलं, यंत्र तीन घड्याळांचं मिळून एक, आणि तबकडी नव्यानं रंगवलेली. जगभरच्या संग्राहकांत अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. मुंबईकर म्हणून आपलं नाव कुठवर पोचलंय ते बघा.

आता खऱ्या श्रीमंती घड्याळाकडे येतो. सोनं, हिरे बाजूला ठेवा. माझ्या लेखी सगळ्यांत श्रीमंत घड्याळ म्हणजे मिनिट रिपीटर. बाजूचा खटका सरकवायचा की घड्याळ वेळ वाजवून सांगतं. आधी तासांचे जाड टोले, मग दर पंधरा मिनिटांसाठी टिंग-टाँग अशी जोडी, मग उरलेल्या मिनिटांचे नाजूक टोले. सात वाजून अडतीस मिनिटं झाली असतील तर सात टोले, दोन जोड्या, आठ नाजूक. ही युक्ती विजेच्या दिव्यांआधीची, रात्री अंधारात वेळ कळावी म्हणून. लंडनचा घड्याळजी डॅनियल क्वेअर आणि एडवर्ड बार्लो यांचं 1687 साली पेटंटवरून भांडण झालं, तेव्हा खुद्द राजा दुसऱ्या जेम्सनं निवाडा क्वेअरच्या बाजूनं दिला. त्या काळी आत छोटी घंटा असे. पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजीनं तिच्या जागी यंत्राभोवती वळवलेली पोलादी तार आणली आणि घड्याळ सडसडीत झालं.

ती तार आजही कारागीर कानशीनं किंचित किंचित घासून सुरात आणतो. तानपुरा लावणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. घड्याळाची बाहेरची डबी सोन्याची असेल तर नाद मोकळा येतो, प्लॅटिनमची असेल तर दबतो. म्हणजे जास्त पैसे मोजून कमी गाणं! पाटेक फिलिप या स्विस कंपनीत तर प्रत्येक रिपीटर बाहेर पडण्याआधी कंपनीचा अध्यक्ष स्वतः ऐकतो. त्याच कंपनीचं एक घड्याळ 2019 मध्ये जिनिव्हात धर्मादाय लिलावात 3 कोटी 10 लाख स्विस फ्रँकला गेलं. त्यात वीस करामती, त्यातल्या पाच निव्वळ वाजण्याच्या. एवढं महाग घड्याळ विकत घेऊन लॉकरात ठेवणारेही असतात. पेटीचा भाता कधीच न उघडणाऱ्यांतले ते.

मी रिपीटर प्रत्यक्ष ऐकला तो एकदाच, मुंबईत, एका वयस्कर संग्राहकांच्या घरी. जेवणं झाली होती. त्यांनी पंखा बंद करायला लावला, खिडकी ओढून घेतली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. काही बोलेनात. बारा एकोणसाठ झाले तसा त्यांनी खटका सरकवला. रिपीटरचं सगळ्यांत लांबलचक गाणं या मिनिटाचं, बारा टोले, तीन जोड्या, चौदा नाजूक. माझा श्वास अडकलेलाच होता. 'काका, पुन्हा एकदा,' मी म्हणालो.

त्यांनी हसत खटका पुन्हा सरकवला. तेवढ्यात एक वाजून गेला होता. एकच टोला पडला.