ताराबाई पार्कातला माशाचा रस्सा

(संध्याकाळ. ताराबाई पार्क. हॉटेलचं दार, दाराशी खडूनं लिहिलेला फळा.)

या हॉटेलात मेनूकार्ड आहे, पण रोजची गिऱ्हाइकं ते उघडत नाहीत. ती आधी फळा बघतात. फळ्यावर आजची तारीख आणि खाली आज काय आलंय ते: तिसऱ्या (शिंपल्या), माकूल (स्क्विड), कोळंबी, तांबोशी. त्यापुढे इटालियन पदार्थांची नावं, देवनागरीत. टेबलं मोजकीच. बाहेर स्कूटरी एवढ्या लागतात, की समोरच्या बंगल्यानं गेटवर ‘येथे गाडी लावू नये’ अशी पाटी लावली आहे. कोल्हापुरात धंदा चालत असल्याचं याहून चांगलं सर्टिफिकेट मिळत नाही.

मटणावर जीव असलेल्या गावात इटलीच्या पद्धतीचे मासे खायला येतं कोण? शेजारच्या गल्लीतले डॉक्टर येतात, कॉलेजची पोरं येतात, पुण्या-मुंबईहून सुट्टीला आलेल्या लेकीसुना येतात. आणि त्यांच्या आग्रहाखातर, थोडे नाखुशीनंच, सासरे येतात. या फिल्मचे नायक हे सासरेच. बाकीचे एकदा फोटो काढायला येतील. हे परत आले, तरच हॉटेल टिकणार.

(पहाट. मासळी बाजार. बर्फाची खोकी उतरतायत.)

मासे मात्र इटलीचे नाहीत. ते रत्नागिरीचे आहेत. मिरकरवाडा बंदरावरून रात्री निघालेली गाडी आंबा घाट चढते आणि मलकापूरवरून पहाटे कोल्हापुरात उतरते. साधारण एकशेतीस किलोमीटरचा रस्ता. शेफ खोक्यात हात घालतो, कल्ले उचलून बघतो. लाल पाहिजेत. बोटानं दाबतो. खळगा राहता कामा नये. झणझणीत मसाल्यात थोडा उतरलेला मासा खपून जातो, हे कुणी कबूल करणार नाही, पण खपतो. लसूण, तेल आणि मिठात तो लपत नाही. इटलीच्या किनाऱ्यावरचं रांधणं एवढं साधं दिसतं, ते सगळं या पहाटेच्या खरेदीवर उभं असतं.

(स्वयंपाकघर. झाकण ठेवलेली कढई.)

आता तिसऱ्या. नेपल्समध्ये त्या स्पगेटीत पडतात, इथेही तसंच. आधी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या, म्हणजे पोटातली वाळू सोडतात. मग ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण, वर तिसऱ्या, वर झाकण. वाफेनं तोंडं उघडतात. जिचं उघडलं नाही, ती टाकून द्यायची. नेपल्सचा आचारी इथे पांढऱ्या वाईनचा शिडकावा देतो, हा आचारी लिंबावर भागवतो. कोकमाची सोलं घालायचा मोह होतो म्हणतो, पण आवरतो.

खरं कसब पुढे आहे. स्पगेटी थोडी कच्ची असतानाच पाण्यातून काढून कढईत येते. तिचं उरलेलं शिजणं तिसऱ्यांनी सोडलेल्या पाण्यात होतं. उकळणीच्या पाण्यातला पिठूळपणा आणि तेल, दोन्ही हलवून हलवून एकजीव केलं, की दाट, चकचकीत लेप धरतो. त्यात मलई नाही, लोणी नाही. मलई घातली, तर तिसऱ्यांचा खारटगोड वास मरतो.

(टेबल. सासरे, सूनबाई, नातू.)

“बाबा, तिखट नाहीये हं.”
“मग खायचं काय त्यात?”

पहिली तक्रार ठरलेली: शेवया कच्च्या राहिल्यात. मागणी पण ठरलेली: वर चीज किसून द्या. इटलीत माशाच्या पास्त्यावर सहसा चीज घालत नाहीत. माशाची चव दबते म्हणतात. इथला वेटर काही न बोलता चीजची वाटी आणून ठेवतो. शास्त्र आपल्या जागी, गिऱ्हाईक आपल्या जागी.

कधी कधी हाताने लाटलेला पास्ता असतो, खपलीच्या पिठाचा. आपल्याकडे ज्या खपलीची खीर होते, तोच हा गहू. इटलीतही तो अजून पिकतो, टस्कनीच्या डोंगरात. पास्त्याचा ड्युरम गहू याच घराण्यातला, खपलीच्या जातीतूनच पुढे आलेला. सासऱ्यांना हे सांगितलं, तर ते मान डोलावतात. पण पोट अजून भरलेलं नसतं.

(पाऊस. पुसलेला फळा.)

जून-जुलैत फळा ओस पडतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रबंदी. माशांच्या विणीचा काळ, म्हणून. बंदी उठते न उठते तोवर श्रावण असतो, मग मासा मिळतो आणि खाणारा मिळत नाही. त्यात पूर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं आणि पुण्या-बंगळूरची वाहतूक कित्येक दिवस अडकली. असल्या वेळी माशावर चालणाऱ्या धंद्यानं काय करायचं? टोमॅटो, लसूण, पास्ता. भाडं निघालं तरी पुष्कळ.

(मोठं पातेलं. कोळंबीची डोकी, तांबोशीचं डोकं.)

पण सासऱ्यांना परत आणते ती ही गोष्ट: ब्रोदेत्तो. इटलीच्या पूर्व किनाऱ्यावरचा, कोळ्यांचा माशाचा रस्सा. विकून उरलेलं, बारीकसारीक, काटेरी, सगळं एका भांड्यात. पश्चिमेला लिव्होर्नो बंदरात याचाच भाऊबंद आहे, काच्चूक्को. त्यात पाच तरी जातींचे मासे हवेत असा दंडक, आणि खाली लसूण चोळून भाजलेला पाव. तो पाव रश्शात भिजून जड होतो, आपल्या मिसळीच्या कटात ब्रेडची स्लाइस होते तसा.

इथे कोळंबीची टरफलं तेलात परततात, डोकी चेपून त्यातला लाल रस काढतात, मग तांबोशीचं डोकं आणि पाणी. अर्धा तास, त्यापुढे नाही. मटणाचं अळणी, म्हणजे तिखट घालण्याआधीचा मटणाचा पातळ रस्सा, तासभर रटरटलं तरी चांगलंच होतं, माशाचे काटे जास्त उकळले की कडवट होतात. गाळून घेतल्यावर टोमॅटो, लसूण, सुकी मिरची. शेवटी माकूल, दोनच मिनिटं, नाहीतर रबर होतो.

सासरे चमचा बाजूला ठेवतात. वाटीच तोंडाला लावतात.

“सूनबाई, हे अळणीच की गं. माशाचं.”

माझं मत विचाराल, तर कोल्हापुरात इटलीचा दरवाजा पास्ता नाही. पातळ रस्सा काय असतो, हे इथे शेंबड्या पोरालाही कळतं. त्यासाठी समजावून सांगावं लागत नाही, फोटो काढावा लागत नाही.

भानगड पुढे झाली. मटणाच्या ताटाबरोबर तांबडा-पांढरा हवा तेवढा वाढायची इथली रीत. दुसऱ्या वाटीचे पैसे लावल्यावर गिऱ्हाइकं बिल हातात घेऊन काउंटरवर यायला लागली. मालकानं हिशेब करून पाहिला, डोकी आणि टरफलं तशीही पडूनच असायची. आता फळ्यावर सगळ्यात खाली एक ओळ कायमची असते: ‘रस्सा परत मिळेल. मासा मिळणार नाही.’