कीबोर्ड लॅपटॉपला जोडला, पण आवाज का येत नाही?

नमस्कार. वाजवण्याचा नवा कीबोर्ड लॅपटॉपला जोडणाऱ्या बहुतेकांची पहिली तक्रार एकच असते: केबल नीट बसली आहे, लॅपटॉपने कीबोर्ड ओळखलाही आहे, मात्र पट्ट्या दाबल्यावर लॅपटॉपमधून काहीच ऐकू येत नाही. यात सहसा काही बिघडलेले नसते. बहुतेक कीबोर्डांच्या यूएसबी केबलमधून ध्वनी जातच नाही. जाते ती मिडी नावाची माहिती, म्हणजे कोणती पट्टी दाबली, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढेच. मधल्या सप्तकातली पांढरी एक (पाश्चात्त्य सी) दाबली की 60 हा आकडा जातो आणि सोबत दाबण्याचा जोर 1 ते 127 या मापात जातो. ही स्वरलिपी आहे, गाणे नव्हे. ती वाचून वाजवणारे सॉफ्टवेअर लॅपटॉपवर असावे लागते.

आता जोडणीकडे वळू. कीबोर्डच्या मागे यूएसबीची दोन छिद्रे असतील, तर जवळजवळ चौकोनी असलेले छिद्र आपल्या कामाचे आहे. त्याला प्रिंटरची म्हणून दुकानात मिळते तीच केबल चालते. चपटे छिद्र पेनड्राइव्हसाठी असते, तिथे लॅपटॉप जोडून उपयोग नाही. जुन्या कीबोर्डांवर पाच पिनांची गोल सॉकेट असतात. 1983 साली मिडी बाजारात आले तेव्हापासूनची ही पद्धत आहे. त्यासाठी छोटा मिडी इंटरफेस, म्हणजे ही गोल जोडणी यूएसबीला जोडणारे उपकरण, घ्यावा आणि कीबोर्डच्या ‘आउट’मधून निघालेली माहिती इंटरफेसच्या ‘इन’मध्ये पोहोचेल, हे पाहावे.

सॉफ्टवेअरमध्ये मॅकवर गॅरेजबँड मोफत मिळते. विंडोजवर रीपर 60 दिवस विनाशुल्क वापरून पाहता येते, परंतु त्यात वाद्यांचे आवाज वेगळे भरावे लागतात. सेटिंगमध्ये मिडी इनपुट म्हणून आपला कीबोर्ड निवडावा. विंडोजवर तो दिसत असूनही चालत नसेल, तर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तो अडवून ठेवला आहे का, हे आधी तपासावे.

आवाज येऊ लागला की खरी परीक्षा सुरू होते, कारण पट्टी दाबणे आणि स्वर ऐकू येणे यांत अंतर पडते. लॅपटॉप ध्वनी तुकड्यातुकड्यांनी तयार करतो आणि या तुकड्याच्या आकाराला बफर म्हणतात. सेकंदाला 44,100 नमुने (ध्वनीची क्षणाक्षणाची मोजमापे) या दराने 1024 नमुन्यांचा बफर एकटाच सुमारे 23 मिलिसेकंद घेतो, तर 128 नमुन्यांचा जेमतेम 3. संथ आलापीत 23 मिलिसेकंद कदाचित खपून जातील, पण द्रुत लयीत हात अडखळू लागतो. म्हणून वाजवताना बफर लहान ठेवावा. आवाज तडतडू लागला, तर एक पायरी वाढवावा. विंडोजवर एएसआयओ प्रकारचा ड्रायव्हर वापरल्यास हा विलंब बराच आटोक्यात येतो. ब्लूटूथ हेडफोन मात्र या कामासाठी बाजूलाच ठेवा. त्यांचा स्वतःचा विलंब इतका असतो की बाकीची सारी मेहनत वाया जाते.

प्रत्येक स्वर दोनदा ऐकू येत असेल, तर कीबोर्ड आणि लॅपटॉप दोघेही वाजत आहेत. कीबोर्डवरील लोकल कंट्रोल, म्हणजे पट्टी दाबताच कीबोर्डने स्वतः वाजण्याची सेटिंग, बंद करावा.

कीबोर्डमधलीच हार्मोनियम किंवा तबल्याचा ठेका रेकॉर्ड करायचा असेल, तर मिडीने भागणार नाही. तिथे प्रत्यक्ष ध्वनीच न्यावा लागतो. काही कीबोर्ड तो यूएसबीतूनही देतात. नसल्यास कीबोर्डच्या लाइन आउटमधून (ध्वनी बाहेर देणाऱ्या छिद्रातून) ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे ध्वनी लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या उपकरणात, वायर न्यावी. लॅपटॉपच्या हेडफोन-माइकच्या छिद्रात ती थेट खुपसू नये, कारण तिथली माइकची बाजू एकेरी (मोनो) आणि क्षीण संकेतासाठी बनवलेली असते, त्यामुळे आवाज फाटतो.

एक बाब आपल्याकडच्या वादकांसाठी विशेष महत्त्वाची आहे. गायिकेची पट्टी काळी चार असताना ट्रान्सपोज (सगळे स्वर ठरावीक अंतराने वर-खाली सरकवण्याची सोय) लावून पांढरी एकवरूनच वाजवण्याची सवय अनेकांना असते. काही कीबोर्ड हा बदल करूनच आकडे पाठवतात, त्यामुळे बोटे पांढरी एकवर असली, तरी पडद्यावर काळी चार उमटते. नंतर त्याच फाइलवर सॉफ्टवेअरमध्येही ट्रान्सपोज लावला, तर पट्टी दुप्पट सरकते. रेकॉर्डिंगपूर्वी कीबोर्डचा ट्रान्सपोज शून्यावर आणा आणि पट्टी सॉफ्टवेअरमध्येच बदला.