किल्ली कोणाकडे आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

मराठवाड्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते. मानसोपचाराच्या ओपीडीला लागूनच आमची खोली आहे. तिथे यायला अपॉइंटमेंट लागत नाही की कोणाची चिठ्ठी लागत नाही. खिडकीवर केसपेपर काढायचा आणि बाकावर येऊन बसायचं. आज त्या खोलीतल्या कामाबद्दल, जीव द्यायचा विचार मनात आलेल्या माणसाला सावरण्याबद्दल बोलणार आहे, कारण त्यातलं निम्मं काम तुम्हालाही करता येण्यासारखं आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

आमच्याकडे येणारा माणूस मनाचं सहसा काही बोलत नाही. झोप लागत नाही म्हणतो. डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, हातापायाला मुंग्या येतात. हातातल्या पिशवीत रिपोर्टांची भेंडोळी असते. सगळं नॉर्मल निघालेलं असतं आणि शेवटी कोणीतरी 'एकदा मानसिकला दाखवा' म्हणून पाठवलेलं असतं. काही जण मात्र कोणी न पाठवता येतात. घरी न सांगता, एकटे. यांच्यावर माझं जास्त लक्ष असतं.

हे लक्ष ठेवायला मी एका चुकीतून शिकले. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. त्या दिवशी रांग दारापर्यंत होती आणि मी मान खाली घालून फॉर्म भरत होते. नंबर पुकारला तेव्हा बाकावर नुसता केसपेपर होता. बाई उठून गेली होती. पत्ता अर्धवट, फोन नंबर नाही. ती पुन्हा आली नाही. तिचं पुढे काय झालं ते मला आजतागायत माहीत नाही.

तेव्हापासून आमच्या मावशी बाकाजवळच बसतात. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण माणूस वाचावा तर त्यांनीच. मागच्या पावसाळ्यात त्या आत येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, निळ्या शर्टातला पोरगा दोनदा दारापर्यंत येऊन माघारी गेला. रांग राहू द्या, त्याला आधी घ्या."

पंचविशीतला मुलगा. तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन. खुर्चीच्या कडेवर टेकला आणि म्हणाला, "झोपेची गोळी द्या फक्त." मी गोळीबद्दल काही बोलले नाही. जेवण, झोप, घरी कोण कोण असतं, असं विचारत गेले. तो चपलेच्या अंगठ्याकडे बघून उत्तरं देत होता. मग मी विचारलं, "जगूच नये, जीव द्यावा, असं मनात येतं का?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "आलं होतं. परवा."

श्रोतेहो, हा प्रश्न असाच, सरळ विचारायचा असतो. आपण 'काही बरंवाईट तर करणार नाहीस ना?' असं आडवळणाने विचारतो, आणि त्या 'नाहीस ना'मध्येच आपल्याला हवं ते उत्तर घालून ठेवतो. समोरचाही 'नाही' म्हणून मोकळा होतो. विचारलं तर त्याच्या डोक्यात नसलेलं भरेल, ही भीती मी सुशिक्षित घरांतही पाहते. पण विचारल्यामुळे कोणाच्या मनात हा विचार नव्याने येत नाही. अभ्यासांतून हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे आणि माझा रोजचा अनुभवही तोच आहे. हे ओझं एकट्याने वागवणाऱ्याला कोणीतरी विचारलं की हायसं वाटतं.

उत्तर 'हो' आलं की आपली खरी परीक्षा. तोंडावर पहिलं वाक्य येतं, 'असं बोलू नये, आईबापाकडे बघ.' अहो, तो आईबापाकडेच बघत असतो. आपण त्यांच्यावर भार झालोय असं त्याला दिवसरात्र वाटत असतं. आपल्या त्या वाक्याने त्याच्या लाजेत भर पडते आणि तो गप्प होतो. मी त्याला एवढंच म्हटलं, "परवा काय झालं होतं, सांगाल?" त्याला चाळीस मिनिटं लागली. मधली दहा मिनिटं तो नुसता रडत होता. मी बसून राहिले.

कर्ज होतं, पण नुसतं कर्ज नव्हतं. बहिणीच्या लग्नाची उधारी होती, वडिलांशी अबोला होता, आणि परवा चारचौघांत झालेला अपमान होता. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यातल्या २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातल्या, इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. नोंदलेल्या कारणांत सगळ्यात वरचं कारण आहे कौटुंबिक समस्या. पोलिसांच्या कागदावर एकच कारण लिहिलं जातं. माणसाच्या आत मात्र चार-पाच गोष्टींची गाठ बसलेली असते.

मग मी विचारलं, "घरात औषध आहे का?"

आमच्याकडे विष प्यायला असं कोणी म्हणत नाही. 'औषध घेतलं' म्हणतात. पिकावर फवारायचं ते औषध, दवाखान्यातलं तेही औषध. कॅज्युअल्टीच्या दारात रात्री-अपरात्री हाक येते, "औषध घेतलंय!" आणि सिस्टर बाटली कुठली ते विचारत धावते. इतक्या वर्षांनंतरही तो शब्द तशा वेळी कानावर पडला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

"हाय की," तो म्हणाला. "माझ्या खोलीतच. खाटंखाली."

जीव द्यायची ती तीव्र वेळ बहुतेकदा लाटेसारखी असते. चढते, टोकाला जाते आणि ओसरते. कधी तासाभरात, कधी त्याच्याही आत. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर फार काही ठरतं. श्रीलंकेचं उदाहरण सांगते. तिथे १९९५ पासून अत्यंत विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आली आणि वीस वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याच्याही बरंच खाली आलं. गरिबी तिथे होतीच, भांडणंही होती. पण ती वेळ आली तेव्हा पूर्वीइतकं जहाल काही हाताशी नव्हतं, आणि माणसं वाचली. एकदा वाचलेल्यांतले बहुतेक जण पुढेही आत्महत्येने जात नाहीत.

म्हणून आमचं बोलणं त्या खाटेखालच्या डब्यापाशी आलं. तो कुठे हलवायचा, कुलूप कोणतं, किल्ली कोणाकडे? वडिलांचं नाव त्याने घेतलं नाही. बराच वेळ विचार करून म्हणाला, "ताईकडं." तिचं सासर त्याच गावात. त्याच्या परवानगीने, त्याच्यासमोरच मी तिला फोन लावला. ती आधी घाबरली, मग म्हणाली, "आत्ता जाऊन उचलते." तासाभरात तिचा उलट फोन आला. डबा तिच्या घरी, लोखंडी पेटीत होता.

केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, वाईट वेळ आली तर काय करायचं याचं आम्ही दोघांनी मिळून एक टाचण केलं. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी ही पद्धत बसवली आहे. पण त्यातले शब्द त्या माणसाचेच लागतात. "वाईट वेळ यायला लागली की तुम्हाला आधी कशावरून कळतं?" त्याने सांगितलं, "घास तोंडात फिरतो, खाली उतरत नाही." तेच लिहिलं. "तेव्हा काय केलं की थोडं हलकं वाटतं?" "गोठ्यात जातो. गाईच्या पाठीवर हात फिरवतो." लिहिलं. त्याखाली कोणाकडे जाऊन बसायचं, कोणाला फोन करायचा, आणि सगळ्यात खाली १४४१६. हा टेलिमानसचा, म्हणजे फोनवर मनाच्या त्रासासाठी मदत देणाऱ्या सेवेचा नंबर. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केली. पैसे पडत नाहीत, रात्री दोन वाजताही लागतो, मराठीत बोलता येतं. श्रोतेहो, आत्ता हाताशी जो कागद असेल त्यावर लिहून घ्या. एक, चार, चार, एक, सहा.

त्याच दिवशी आमच्या डॉक्टरांनी त्याला तपासून गोळ्या सुरू केल्या. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे जातात. आज घेतली आणि उद्या बरं वाटलं असं होत नाही, हे घरच्यांना सांगावंच लागतं, नाहीतर आठवड्यात पुडी माळ्यावर जाते. धोका जास्त वाटला असता तर त्याला भरती केलं असतं. तो ताईकडे राहायला कबूल झाला, तिने त्याला एकटं सोडायचं नाही असं ठरलं, म्हणून घरी पाठवलं.

उठताना त्याने विचारलं, "पोलीस केस होईल का?" या भीतीने किती जण दवाखान्याची पायरी चढत नसतील! नीट ऐका. मनात विचार येणं हा गुन्हा नाही, तो आमच्याकडे बोलून दाखवणंही नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं ११५ वं कलम म्हणतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची. प्रयत्नाला शिक्षा सांगणारं दंडसंहितेतलं जुनं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत नाही. सरकारी कर्मचाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न मात्र अजून गुन्हा धरतात. तुम्ही सांगितलेलं गुप्त ठेवणं हे आमच्यावर कायद्याने बंधन आहे. जिवाला धोका असण्यासारख्या, कायद्याने सांगितलेल्या मोजक्या वेळीच ते बाजूला ठेवता येतं, आणि तेही गरजेपुरतं.

कर्ज माझ्या खोलीत फिटत नाही. पाऊस माझ्या हातात नाही. त्या मुलाची उधारी आजही आहे, आणि हे मनाला लागतं. पण तो दर आठवड्याला आला. पाच आठवडे. दुसऱ्या वेळी ताईबरोबर, चौथ्या वेळी वडिलांबरोबर. वडील बाहेर बाकावर मावशींशी पावसापाण्याचं बोलत बसले होते.

पाचव्या वेळी मी त्याला विचारलं, "झोप?" "लागते आता." "घास?" तो जरासा हसला. "उतरतो." मग फवारणीचा विषय निघाला. सोयाबीनवर अळी पडली होती. डबा लागणार होता. त्याने स्वतःच सांगितलं, "ताई फवारणीच्या दिवशी मोजून देती, उरलेलं परत नेती." मी म्हटलं, "आता किल्ली घरी आणायची का?"

त्याने मान हलवली. "न्हाई मॅडम. अजून राहू द्या तिच्याकडंच."